विटेवरचा पाहुणा

आमच्या आळीतले एक सुतारकाम करणारे गृहस्थ मध्यंतरी संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले. पान झाले, पाऊसपाण्याची चौकशी झाली, आणि मग त्यांनी मनातली गोष्ट काढली.

"मास्तर, आईला एकदा पंढरी दाखवून आणायची आहे. तिचे गुडघे गेले. दिंडीबरोबर चालणे आता तिच्या हातून होत नाही. आषाढीची दाटी सरली की एस.टी.ने नेऊन आणीन म्हणतो. पण तिथे वागायचे कसे, ते आधी सांगा. मागल्या खेपेस फार फजिती झाली."

मागल्या खेपेची फजिती पंढरपुरातली नव्हे. ती दुसऱ्याच एका मोठ्या देवस्थानातली. त्याचे नाव आम्ही घेत नाही. वाचकांपैकी ज्याने त्याने आपल्या अनुभवाचे नाव तेथे घालावे, ते बहुधा शोभून जाईल. झाले असे की देवळाच्या वाटेवर एका इसमाने मायेने यांचा हात धरला. गाव विचारले, आडनाव विचारले, मग गोत्र विचारले. गोत्राला आमचे सुतार अडखळले. त्या इसमाने जरा तोंड वाकडे केले आणि "बरे, काश्यप म्हणून टाकतो" असे म्हणून हातावर पळीभर पाणी सोडले. मग आईच्या नावाने अभिषेक, वारलेल्या बापाच्या नावाने दान, घराच्या शांतीचे काहीतरी वेगळे. "एवढ्या लांब आलात आणि देवाच्या दारात हात आखडता घेता?" हा प्रश्न चार माणसांत मोठ्याने विचारला म्हणजे गरीब माणूस विरघळतो, हे त्या धंद्यातले पहिले शिक्षण. दोन हजार शंभर रुपये गेले. परतीच्या भाड्याला गावच्याच एका ओळखीच्या माणसाकडे हात पसरावा लागला. आणि म्हातारी गाडीत बसल्यापासून घर येईपर्यंत एकच वाक्य बोलत होती : "देवाचं तोंड बी नीट दिसलं न्हाई रं."

पैसे गेले त्याचे दुःख आम्हांस आहेच. रंधा मारून दोन हजार मिळवायला किती दिवस लागतात ते सुताराला विचारा. पण म्हातारीचे वाक्य आम्हांस अधिक लागले. ज्यासाठी गेली तेवढेच राहिले, बाकी सगळे यथासांग झाले!

आता असल्या प्रश्नाला आमच्या चळवळीत एक जुने उत्तर आहे. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज काढला, तेव्हापासून ते उत्तर खेडोपाडी पोचले आहे. देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, लेकराला आईकडे जायला मध्यस्थ लागत नाही, मग बापाकडे जायला का लागावा? आमच्यातले काही कडवे गृहस्थ पुढे जाऊन म्हणत, "मग देवळाची पायरीच चढू नका." त्यांच्या निष्ठेपुढे आम्ही मान लववितो. पण सुताराच्या आईला आम्ही ते उत्तर देऊ शकलो नाही. तिने जन्मभर जात्यावर ज्याचे नाव घेतले त्याला एकदा पाहावे म्हणते. तिला "दलाल वाईट आहे, म्हणून तू घरी बस" असे सांगणे म्हणजे चोराच्या भीतीने धन्यानेच घर सोडण्यासारखे झाले.

दुसरे उत्तर भोळ्यांचे. म्हणे तेथे जे सांगतील ते करावे, जे मागतील ते द्यावे, देवाच्या दारात तोंड उघडू नये. याला लोक आदर म्हणतात. आम्ही याला भीती म्हणतो. भीतीने वाकलेली मान आणि आदराने वाकलेली मान दुरून सारखी दिसते, पण जिची मान तिला फरक कळतो.

तेव्हा सुतारास आम्ही म्हणालो, "पंढरपूरला जाता ना? मग वागायचे कसे हे तेथल्या देवालाच विचारा. तो स्वतः तेथे पाहुणा म्हणून आलेला आहे."

वाचकहो, ही कथा तुम्हांस आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. पुंडलिक आईबापांचे पाय चेपीत बसला होता. देव दारात आला. पुंडलिक उठला नाही. हातातले काम टाकून येता येणार नाही म्हणाला, आणि उभे राहायला एक वीट फेकली. देव त्या विटेवर उभा राहिला, कमरेवर हात ठेवून, आणि अजून उभाच आहे. कथेचा खरेखोटेपणा तपासण्यात आम्ही वेळ घालवीत नाही. ती ज्यांनी रचली आणि ज्यांनी शेकडो वर्षे सांगितली ते आमच्यासारखे कामकरी लोक होते, एवढे मात्र तिच्या अंगावरून दिसते. राजाने बोलावले आणि देव आला असे त्यांनी सांगितले नाही. घरात म्हाताऱ्यांची सेवा चालली होती, म्हणून देवाला बाहेर थांबावे लागले, असे सांगितले. आणि देव थांबला! "मी कोण आहे ठाऊक नाही का?" असे म्हणाला नाही. कोणाची चिठ्ठी दाखविली नाही. मागच्या दाराने आत शिरला नाही. वीट मिळाली तर विटेवर उभा राहिला. परक्या घरी गेलेल्या पाहुण्याने कसे असावे याचा याहून चांगला दाखला आम्हांस तरी माहीत नाही.

म्हणून त्या गावात गेल्यावर पहिला मान पुंडलिकाचा. चंद्रभागेत पाय धुवावे, वाळवंटातल्या पुंडलिकाच्या देवळात जावे, मग विठ्ठलाकडे. हा क्रम वारकऱ्यांचा आहे आणि तो पाळण्यात आम्हांस आनंद वाटतो. पुंडलिकाची पूजाअर्चा कोळी समाजाकडे चालत आलेली आहे. नदीवर पोट भरणारे नदीतल्या देवळाचे पुजारी. ज्यांना पूजेचा अधिकार एकाच जातीला असतो असे वाटते, त्यांनी ही पहिली पायरी नीट पाहून घ्यावी.

देवळात पाळायचे नियम कोणते आणि मोडायचे कोणते, हा सुतारांचा खरा प्रश्न. त्यांना आम्ही एक साधी कसोटी दिली. जो नियम सगळ्यांना सारखा, तो आपल्याला पटो न पटो, पाळावा. जो नियम माणूस पाहून बदलतो, त्याच्यापुढे मान वाकवू नये.

पायांतले जोडे बाहेर काढायचे. मंत्र्यानेही काढायचे, मोळीविकीनेही काढायचे. काढा. आत फोनने छायाचित्रे घ्यायची नाहीत. घेऊ नका, देवाकडे पाठ करून आपलाच चेहरा टिपणाऱ्याला मागचे लोक काय म्हणतात ते त्याला ऐकू येत नाही, एवढेच. डोके टेकायला जेवढा वेळ लागतो तेवढा घ्यावा आणि पुढे सरकावे, कारण मागे आणखी कोणाची तरी म्हातारी उभी आहे. देवाच्या दिवसाचीही एक रीत आहे : पहाटे काकडा, मग नित्यपूजा, दुपारी नैवेद्य, मग पोशाख, सांजेला धुपारती, रात्री शेजारती. त्या वेळांत दर्शन काही काळ थांबते. तेव्हा आरडाओरड करू नये. आपण जेवायला बसलो असता कोणी दार वाजविले तर आपणही "जरा थांबा" म्हणतोच. आणि आषाढी-कार्तिकीच्या दाटीत तर देवाचा पलंगच काढून ठेवतात. रात्रंदिवस दार उघडे, देवाला झोप नाही. पाहुण्यांची एवढी कदर करणाऱ्या घरात पाहुण्याने धक्काबुक्की करावी, हे लाजिरवाणे आहे.

आता दुसऱ्या जातीचे नियम. गोत्र कोणते? आडनाव काय? तुम्ही कोण? हा प्रश्न उत्तर ऐकून वागणूक बदलण्यासाठीच असतो. त्याचे उत्तर देण्याचे तुमच्यावर बंधन नाही. नम्रपणे म्हणावे, "आम्ही विठ्ठलाकडे आलो आहोत," आणि चालू लागावे. रागावण्याचे कारण नाही. रागावलेल्या माणसालाही हे लोक शांतीचा एक विधी सुचवितात!

तसेच रांगेचे. गरिबाने पाच-सहा तास उभे राहावे आणि कोणाची चिठ्ठी घेऊन आलेल्याने पाच मिनिटांत पाय शिवून जावे, हा प्रकार बहुतेक मोठ्या देवस्थानांत आपण पाहतो. आपल्या ओळखीचा कोणी तेथे असला तर आपणही चिठ्ठी मागतो, हे कबूल केले पाहिजे. विटेवर थांबलेल्या देवाला भेटायला रांग मोडून जाणारा माणूस देवाला काय तोंड दाखवीत असेल! आमच्या सुतारांना आम्ही निक्षून सांगितले की ओळख लावू नका. म्हातारीला उभे राहवत नसेल तर मुखदर्शनाची रांग वेगळी असते, ती लवकर सरते. पण पाय शिवायचे असतील तर पायांवरच्या दर्शनाच्या रांगेतून जा, सोबत घोंगडी न्या, बसत-उठत पुढे सरका.

कसोटी सांगितली खरी, पण ती प्रत्येक ठिकाणी सोपी नसते, हेही सांगून ठेवतो. रामेश्वर-कन्याकुमारीच्या यात्रेला आपले लोक जातात ते वाटेत केरळातही उतरतात. तेथे बऱ्याच देवळांत पुरुषांना अंगातला सदरा काढून आत जावे लागते. आमचे लोक मुकाट्याने काढतात. सगळ्यांनाच काढावा लागतो म्हटल्यावर आम्हीही काढू. पण त्याच केरळातल्या शिवगिरी मठाच्या अध्यक्षांनी डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर सभेत सांगितले की ही रीत मुळात अंगावर जानवे आहे की नाही हे पाहण्यासाठी होती, ती आता सोडावी. हा मठ नारायण गुरूंचा, ज्यांनी १८८८ साली अरुविप्पुरम येथे, स्वतः ईळव जातीत जन्मून, शिवाची स्थापना केली. त्यांच्या वारसाचे म्हणणे हलके मानता येत नाही. तेथे अजून वाद चालला आहे. आपण पाहुणे, आपण तेथे सदरा काढावा आणि वादात कोणाचे म्हणणे सरळ आहे हे मनात ठेवावे.

परत पंढरपुरास येऊ. महाद्वाराशी पोचल्यावर आत धावत सुटू नये. तेथे दोन ठिकाणी थांबावे लागते. एक नामदेवाची पायरी. शिंप्याच्या घरच्या या संताने देवळाच्या पहिल्या पायरीखाली जागा मागितली, आत येणाऱ्यांची पायधूळ अंगावर पडावी म्हणून. जाणते लोक त्या पायरीवर पाय ठेवीत नाहीत. दुसरी जागा समोर, चोखोबाची समाधी. चोखामेळा मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करीत असता भिंत कोसळून १३३८ मध्ये गेला, वेठीच्या कामावर असलेल्या कित्येक मजुरांबरोबर. नामदेवाने त्याची हाडे आणून येथे ठेवली, असे सांगतात. जिवंतपणी त्याला दाराच्या आत येऊ दिले नाही आणि मेल्यावरही तो दाराच्या बाहेरच राहिला.

ज्या महारा-मांगांच्या बायकापोरांनी त्यानंतर सहाशे वर्षे त्या समाधीपाशी उभे राहून लांबून कळसाला हात जोडले, त्यांची मोजदाद कोणी केली नाही. साने गुरुजी महाराष्ट्रभर हिंडले, आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषणाला बसले, की हे देऊळ सर्वांस खुले करा. दहा दिवस अन्नावाचून गेले, तेव्हा कबुली मिळाली. गुरुजी जन्माने ब्राह्मण होते, हेही आम्ही मुद्दाम लिहितो. आमचे भांडण जन्माशी नाही. त्याच वेळी काही मंडळींनी अस्पृश्यांचा स्पर्श होण्याआधी विठ्ठलाचे तेज मंत्राने पाण्याच्या घागरीत उतरवून घेतले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. म्हणजे त्यांच्या मते त्यानंतर देवळात राहिला तो नुसता दगड. बरे झाले म्हणायचे. घागर त्यांच्याकडे राहू द्या. आमच्या लोकांना दगडच ओळखीचा आहे, कारण तो त्यांनीच घडविला.

पण येथे एक गोष्ट विसरू नये. ज्यांना दार बंद होते त्यांतले सगळे दार उघडल्यावर आत आले नाहीत, आणि त्यांनी यावे असे म्हणण्याचा आपणांस अधिकार नाही. २ मार्च १९३० रोजी नाशिकास काळारामाच्या दारात डॉ. आंबेडकरांच्या पुढारपणाखाली सत्याग्रह सुरू झाला. तो वर्षानुवर्षे चालला, लोकांनी मार खाल्ला, तुरुंग पाहिला, आणि दार उघडले नाही. १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्यास बाबासाहेबांनी सांगितले की हिंदू म्हणून मरणार नाही. सुताराच्या शेजारी राहणारा बौद्ध गडी जर त्यांच्याबरोबर गाडीतून पंढरपूरला गेला आणि देवळाबाहेर चहा पीत बसला, तर त्याला "आत चल की" म्हणून ओढू नये. त्याचे न जाणे हाही मान राखण्याचा एक प्रकार आहे. तो स्वतःच्या बापजाद्यांचा मान राखतो आहे.

आत गेल्यावर काय पाहावे? येथे आम्ही जरा खुशीने लिहितो. गर्दीत आपले लोक खाली मान घालून ढकलले जातात आणि "दर्शन झाले" म्हणत बाहेर येतात. अहो, ते घर तुमच्याच हातांनी बांधले आहे, जरा वर बघा! सोळखांबीतले खांब बघा. गरुडखांबाला सगळे मिठी मारतात, तुम्हीही मारा. पण शेजारच्या खांबावर पाथरवटाने छिन्नी कशी धरली असेल तेही बघा. देवाच्या अंगावरचा पोशाख कोणीतरी शिवला आहे. गळ्यातली तुळस कोणा माळणीने पहाटे खुडली आहे. समई कोणा कासाराने ओतली आहे, हारांची टोपली कोणा बुरुडाने विणली आहे. नैवेद्याचे तांदूळ कोणाच्या खाचरातले? एवढे सगळे आपल्या घरचे आणि आपणच परक्यासारखे चोरट्या पावलाने हिंडायचे, याला काय म्हणावे!

त्यातही एक चीज अशी की जी पाहिल्यावाचून येऊ नये. देवळात एक शिलालेख आहे, त्याला चौऱ्यांशीचा लेख म्हणतात. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इसवी सन १२७३ ते १२७७ या सालांतला, देवगिरीच्या रामदेवराव यादवाच्या अमदानीतला. पिढ्यान्‌पिढ्या आपले लोक त्या दगडाला पाठ घासत आले. का, तर पाठ घासली म्हणजे चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो. पाठी घासून घासून अक्षरे झिजली. आणि त्या अक्षरांत होते काय? देवळासाठी कोणी किती दिले याची नोंद! राजाने काय दिले, प्रधानाने काय दिले, इतरांनी काय दिले, ते नावनिशीवार कोरून ठेवलेले. म्हणजे गावच्या देवळाच्या वर्गणीची वही असते ना, तशी दगडातली वही, आणि तीही बरीचशी मराठीत. जी वाचायची तिला आपण पाठ घासली. वाचता येत असते तर घासली नसती. शाळेत मूल धाडायला कुरकुरणाऱ्या बापाला आम्ही दुसरे काय सांगावे?

त्या वहीवरून पैशाची गोष्ट निघाली, ती पुरी करू. सातशे वर्षांपूर्वीच्या लोकांना दिलेल्या पैशाचा हिशेब दगडावर कोरून सगळ्यांपुढे ठेवावासा वाटला. आजच्या पाहुण्याने निदान कागदाची पावती मागावी. जे द्यायचे ते घरून निघतानाच ठरवावे, वेगळ्या गाठीला बांधावे, समितीच्या खिडकीवर द्यावे, पावती घ्यावी. किंवा सरळ पेटीत टाकावे. कोणाच्या हातावर, कोणाच्या तबकात, कोणाच्या सांगण्यावरून एक पैही देऊ नये. आणि काहीच न देता आलात तरी देवाचा अपमान होत नाही. पुंडलिकाने वीट दिली होती, सोन्याचे आसन नव्हे.

पूर्वी या देवळात असे म्हणून चालत नसे. बडवे, उत्पात आणि इतर सेवाधारी यांचे पिढीजात हक्क होते, उत्पन्नावर त्यांचा ताबा होता, आणि यात्रेकरूंच्या तक्रारींनी सरकारची दप्तरे भरली होती. सरकारने नाडकर्णी आयोग नेमला, त्याच्या अहवालावरून १९७३ साली पंढरपूर मंदिरांचा कायदा झाला, हक्कदार कोर्टात गेले, आणि खटला चालत चालत जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. पिढीजात हक्क गेले. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी जाहिरात काढली, की कोणत्याही जातीच्या पुरुषांनी व बायकांनीही अर्ज करावेत. कायदा होऊन चाळीस वर्षे लागली. आपल्याकडे शेताच्या बांधाचा खटलासुद्धा एवढा चालतो, तेव्हा नवल नाही. पण ज्यांचे आजे-पणजे या लढ्यात होते त्यांनी ती जाहिरात वाचून डोळे पुसले असतील.

म्हणून आता दलाली संपली असे समजून निर्धास्त राहू नका. दलालीला जात नसते. जेथे पुजारी पिढ्यान्‌पिढ्या बहुजन समाजाचेच आहेत, तेथेही यात्रेकरूचा हात धरून ओढणारे आम्ही पाहिले आहेत. दुकानदार, रिक्षावाला, "लवकर दर्शन करून देतो" म्हणणारा पोरगा, हे सगळे आपल्याच घरांतले. भटजीने घेतले तर लूट आणि भाऊबंदाने घेतले तर रोजगार, असा हिशेब आम्हांस मान्य नाही. तबक तेच, फक्त धरणारा हात बदलला.

कोणी दारातच अडविले तर? तर कायदा तुमच्या बाजूचा आहे. १९५६ सालच्या कायद्याप्रमाणे सार्वजनिक हिंदू देवळात जाण्यास कोणत्याही जातीच्या हिंदूला अडविणे गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. २०१६ साली शनिशिंगणापूरच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयात हाच कायदा पुढे आला, आणि त्या एप्रिलात तेथील चौथरा बायकांना खुला झाला. आयाबहिणींनी हे ध्यानात ठेवावे. कायदा खिशात असावा. प्रत्येक पायरीवर काढून दाखवावाच असे नाही.

शेवटची गोष्ट देवळाबाहेरची, आणि आमच्या मते सर्वांत मोठी. चंद्रभागेचे वाळवंट. यात्रा सरते, लाखो लोक पुण्य घेऊन घरी जातात, आणि मागे काय ठेवून जातात ते वाळूला विचारा. पत्रावळी, प्लॅस्टिक, आणि माणसाची घाण. ती उचलायला कोण येतो? पुन्हा चोखोबाचीच लेकरे. हाताने मैला उचलायला लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि पंढरपुरातल्या याच गोष्टीवर मुंबई उच्च न्यायालयात याचिका चालून वाळवंट स्वच्छ ठेवण्याचे हुकूम निघाले. पण हुकूम निघाला म्हणून वाळू साफ होत नाही. चोखोबाच्या समाधीवर फूल वाहायचे आणि संध्याकाळी त्याच्या नातवासाठी वाळूत घाण करून ठेवायची, याला भक्ती म्हणणाऱ्याशी आम्ही बोलत नाही. संडास शोधा. दोन रुपये पडले तर द्या; ते दक्षिणेपेक्षा बऱ्या कामी लागले.

गाडगेबाबा परटाच्या घरात जन्मले. पंढरपूरला जन्मभर गेले, यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, चोखामेळ्याच्या नावाची महारांसाठी बांधली, आणि १९४९ मध्ये ती बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. देवळात ते जात नसत असे सांगतात. लोक आत दर्शनाला जात तेव्हा ते बाहेर खराटा घेऊन रस्ता झाडीत. ज्याला देवळात जायचे त्याने जावे. पण बाहेर येताना रस्ता झाडणाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडविता येईल असे वागावे.

एवढे सगळे ऐकून सुतार गेले. ते गेल्यावर आम्हांस वाटले की फार बोललो, बिचारा घाबरून बेत रद्द करतो की काय.

पंधरा दिवसांनी मायलेक आले. रांगेत चार तास लागले. म्हातारी घोंगडीवर बसत-उठत पुढे गेली. पुढच्या एका बाईने तिला आपली पाण्याची बाटली दिली, मागच्या पोराने पिशवी धरली. चोखोबापाशी ती बराच वेळ बसली होती, लेक म्हणाला. "गोत्र?" असे वाटेत एकाने विचारलेच. यांनी आम्ही शिकविलेले वाक्य म्हणायच्या आधीच म्हातारीने उत्तर दिले, "रंधा." तो इसम गोंधळून दुसऱ्याकडे वळला. एक्कावन्न रुपयांची पावती सुतारांनी आम्हांस उलगडून दाखविली. चौऱ्यांशीच्या दगडाची अक्षरे लागली नाहीत म्हणाले, पण पाठ घासली नाही.

म्हातारीने पदराची गाठ सोडली, आमच्या हातावर लाह्या-बत्तासे ठेवले, कपाळाला बुक्का लावला. आम्ही विचारले, "आई, तोंड दिसले का या खेपेस?"

"दिसलं की," ती म्हणाली. "आन्‌ पाय बी शिवले. लई गार हायेत मास्तर, त्याचे पाय. उभा ऱ्हाऊन ऱ्हाऊन गार पडलेत."